एलिट डेंजरस: कोब्रा घेतलं, आता पुढे करायचं काय?

बुटीबोरी_बायपास

नमस्कार मंडळी. गेमच्या विभागात पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

सेलमध्ये स्वस्त दिसला म्हणून एलिट डेंजरस हा अंतराळयान चालवायचा गेम घेतला. याआधी माझं गेमिंग म्हणजे क्रिकेट आणि गाड्यांच्या शर्यती. कारखान्यात पाळ्या असतात. दुसऱ्या पाळीहून घरी येतो तेव्हा सगळे झोपलेले असतात, मग जेवून तासभर हेच. सुरुवातीला फार डोकं खाल्लं या गेमने, पण आता जमतं. स्टेशनच्या फिरत्या फटीतून यान आत घालता येतं. सुपरक्रूझमध्ये, म्हणजे सूर्यमालेतल्या त्या अतिवेगवान प्रवासात, पोचायला सात सेकंद उरले की थ्रॉटल निळ्या पट्ट्यात ठेवायचा हेही हाताला बसलं. सुरुवातीचं साइडवाइंडर यान विकून कोब्रा मार्क थ्री घेतलं. इथला माल तिथे पोचवायची कामं करतो, क्रेडिट जमतात.

आणि इथेच अडलो. परवा बायकोला जाग आली, मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, "जिंकले का?" म्हटलं यात जिंकणं नसतं. "मग हरता कसे?" तर तेही नसतं, यान फुटलं तर किमतीच्या पाच टक्के भरून जसंच्या तसं परत मिळतं. "मग हे तुमच्या ड्यूटीसारखंच झालं," म्हणे, आणि गेली झोपायला. तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही.

यूट्यूबवर बघावं तर सगळे एकच सांगतात. अमुक ठिकाणी खाणकाम करा, तासाला इतके कोटी मिळवा, मोठं यान घ्या. घेऊन करायचं काय, ते कोणी सांगत नाही. तुम्ही लोक यात नेमकं काय करता? शिवाय दोन बारीक शंका: जॉयस्टिक घ्यावी का? आणि ओपनमध्ये, म्हणजे बाकीच्या खेळाडूंबरोबर, खेळावं की सोलो, एकट्याने?

हार्डपॉइंट

भावा, आधी पैसे. पैसे नसले की या गेममध्ये काहीच नाही. चांगलं लढाऊ यान घे, इंजिनियर लोकांकडून ते मजबूत करून घे आणि ये ओपनमध्ये. डिसेंबर २०२४ मध्ये थारगॉइड या परग्रहवासीयांचा टायटन, म्हणजे महाकाय यान, थेट आपल्या सूर्यमालेत आला होता. जगभरचे पायलट रात्र-रात्र जागून त्याच्यावर तुटून पडले आणि शेवटी फोडलाच. ती मजा मालवाहतूक करून कशी मिळणार? लढायचं नसेल तर २०२५ पासून स्वतःची वसाहत पण वसवता येते. पण तिथेही टनावारी माल ओढावा लागतो, आधीच सांगतो.

जॉयस्टिक घे. बजेट असेल तर थ्रॉटलसकट घे.

गच्चीवरची

हार्डपॉइंट यांचं म्हणणं चूक नाही, फक्त ते आपल्याला काय हवंय हे आधीच ठाऊक असलेल्या माणसासाठी आहे. तुमचा प्रश्न त्याच्या आधीचा आहे.

मी सोलापूरला शाळेत भूगोल शिकवते. मुलगा शिकायला बाहेर गेला, त्याचा पीसी इथे राहिला आणि त्यात हा गेम. त्याला लढाईत रस होता, मला नाही. मी यात एकच काम करते: गच्चीवरून जे तारे दिसतात तिथे जाऊन येते.

हे या गेममध्ये का जमतं ते सांगते. यातली आकाशगंगा खऱ्या मापाची आहे. सुमारे ४०० अब्ज सूर्यमाला. बहुतेक सगळ्या अर्थातच गणिताने तयार केलेल्या, पण त्यातले सुमारे दीड लाख तारे खगोलशास्त्रज्ञांच्या खऱ्या याद्यांमधून घेतले आहेत. म्हणजे बुटीबोरीहून नुसत्या डोळ्यांना दिसणारा जवळपास प्रत्येक तारा यात आहे, ज्या दिशेला हवा त्या दिशेला. आणि तुम्ही जागा बदलली की आकाशही बदलतं. मागचा पडदा तोच राहत नाही.

तेव्हा नवं यान, पैसे, सगळं बाजूला ठेवा आणि आहे त्याच कोब्रात मित्राकडे जा. म्हणजे अल्फा सेंटॉरी. मे महिन्यात रात्री दहा-साडेदहाला दक्षिण क्षितिजालगत असतो. सोलापूरहून बरा दिसतो, तुमच्याकडून फारच खाली, समोर इमारत नसली तरच. अंतर ४.४ प्रकाशवर्षं. गेममध्ये परवाना लागत नाही. पोचल्यावर ताऱ्यापासून थोडं लांब या, डाव्या पॅनलमध्ये सोल (म्हणजे आपली सूर्यमाला) निवडा आणि यानाचं नाक तिकडे वळवा. शर्मिष्ठा सापडेल. तिचे पाच तारे आपण सगळ्यांनी पाहिलेत. तिथे तिला सहावा तारा असतो, टोकाला, चांगला ठळक. तो आपला सूर्य.

हे मी वर्गात फळ्यावर काढून दाखवते तेव्हा पोरं वहीत उतरवून घेतात आणि विसरतात. गेममध्ये एकदा पाहिलेलं मात्र कोणी विसरलेलं मला माहीत नाही.

त्यापुढे रोहिणी. ६५ प्रकाशवर्षं. आपल्याला इथून वृषभाचं ते व्हीसारखं तोंड दिसतं ना, त्यात रोहिणी एका टोकाला बसलेली. प्रत्यक्षात ती त्या मंडळींपैकी नाहीच. तो बाकीचा गुच्छ दीडशे प्रकाशवर्षांवर आहे, रोहिणी मध्येच एकटी उभी, आपल्या नजरेच्या रेषेत आली म्हणून त्यांच्यात मोजली गेली. पुस्तकात हे वाक्य आम्ही पाठ करतो. पण रोहिणीला वळसा घालून पलीकडे गेलात, मागे वळून तिला शोधलंत आणि तो गुच्छ अजून पुढेच आहे हे दिसलं, की खोली म्हणजे काय ते कळतं. मी त्या रात्री यान तिथेच सोडून स्वयंपाकघरात जाऊन चहा केला आणि परत येऊन बघत बसले.

त्याच दिशेने आणखी पुढे कृत्तिका, चारशेच्या आसपास. तिथे खरोखर निळं धुकं आहे आणि तुम्ही त्यात शिरता. हार्डपॉइंट यांच्या आवडत्या थारगॉइडांची गोष्टही त्याच भागातून सुरू झाली: २०१७ च्या जानेवारीत एका खेळाडूला ताऱ्याहून ताऱ्याकडे मारलेल्या उडीच्या मधूनच बाहेर ओढलं, यान बंद पाडलं, सगळीकडून न्याहाळलं आणि सोडून दिलं. मला अजून भेटले नाहीत. भेटावेत अशी इच्छा नाही.

आणि अगस्त्य. फेब्रुवारीत संध्याकाळी व्याधाच्या खाली दक्षिणेला जो एकटा मोठा तारा असतो तो. ३१० प्रकाशवर्षं. तिथे पोचून सोलकडे तोंड केलंत तर काही दिसणार नाही. नुसती खूण दिसेल, तारा नाही. इतक्या अंतरावरून आपला सूर्य डोळ्यांना दिसण्याइतका तेजस्वी नाही, दुर्बीणच लागेल. उलट तिकडचा अगस्त्य मात्र आपल्याकडे आकाशातला दुसऱ्या क्रमांकाचा तेजस्वी तारा. गंमत बघा, हा गेम केंब्रिजमध्ये तयार झाला आणि तिथल्या ५२ अंश अक्षांशावरून अगस्त्य कधीच उगवत नाही. करणाऱ्यांना घराच्या अंगणातून तो दिसायची सोय नाही, पण यादीत होता म्हणून आला.

व्याध आणि अभिजित यांच्या वाटेला सध्या जाऊ नका, दोन्हींना परवाना लागतो. खुद्द सूर्यमालेलाही लागतो. त्यासाठी फेडरेशन या गेममधल्या सत्तेची कामं करून त्यांच्या नौदलात बढती मिळवावी लागते. ती मिळवा मात्र. व्हॉयेजर १ आणि २ दोन्ही तिथे आहेत, शोधावी लागतात.

यान हवंच असेल तर डायमंडबॅक एक्स्प्लोरर. सुमारे १९ लाख क्रेडिट. फ्रेम शिफ्ट ड्राइव्ह (उडी मारायचं इंजिन) 'ए' दर्जाचा, बाकी बहुतेक सगळं 'डी', कारण 'डी' सर्वांत हलकं असतं. फ्युएल स्कूप, म्हणजे ताऱ्यापासून इंधन भरायचं यंत्र, बसेल तेवढा मोठा. एवढ्यावर एका उडीत चाळीसेक प्रकाशवर्षं जाता येतं, कुठल्या इंजिनियरच्या दारात न जाता. त्या इंजिनियर प्रकाराबद्दल माझं मत इथे लिहीत नाही.

जॉयस्टिक घेऊ नका. कीबोर्ड-माउसवर स्टेशनात शिरता येतं ना, मग झालं. आमच्याकडे आहे म्हणून मी वापरते, पण नकाशा बघायला शेवटी माउसच लागतो. सोलो खेळा. फक्त सोलोलाही इंटरनेट लागतं, हे विकत घेताना कोणी सांगत नाही. नेट गेलं की गेम मुख्य मेनूवर आणून टाकतो.

जुना_फ्लॉपी

वरचा प्रतिसाद वाचून बरं वाटलं, पण "ध्येय नाही" हा विषय निघालाच आहे तर थोडा इतिहास. हा प्रश्न या गेमला पहिल्या दिवसापासून विचारला गेला आहे.

मूळ एलिट सप्टेंबर १९८४ चा. डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल, दोघेही केंब्रिजमध्ये शिकणारे. तेव्हाचे गेम म्हणजे तीन जीव, वरच्या कोपऱ्यात गुण, दहा मिनिटांत खेळ खलास. हे दोघे थॉर्न ईएमआय या मोठ्या कंपनीकडे गेले तर उत्तर आलं, यात गुण कुठे आहेत, जीव कुठे आहेत? नाकारला. मग अ‍ॅकॉर्नसॉफ्टने काढला, बीबीसी मायक्रोवर. त्या मशिनमध्ये ३२ केबी मेमरी. त्यात आठ आकाशगंगा, प्रत्येकीत २५६ ग्रह, म्हणजे २०४८ ग्रहांची नावं, राज्यपद्धती, बाजारभाव. इतकं साठवायला जागाच नव्हती, म्हणून एका आकड्यापासून सूत्राने सगळं दर वेळी नव्याने काढायचं. आकड्यांची तीच क्लृप्ती आज ४०० अब्जांपर्यंत आली. त्यांना आठपेक्षा कितीतरी जास्त आकाशगंगा द्यायच्या होत्या, प्रकाशकानेच आवरलं. एवढ्या दिल्या तर सगळं बनावट आहे हे खेळणाऱ्याच्या लक्षात येईल म्हणून.

गेम तुम्हाला १०० क्रेडिट आणि लेव्ह नावाच्या ग्रहापाशी एक कोब्रा द्यायचा. हो, तेच कोब्रा मार्क थ्री, जे तुम्ही आत्ता घेतलंत. बाकी काही सांगायचा नाही. 'एलिट' ही पदवी मिळवायला ६,४०० यानं पाडावी लागत. यालाच कोणी ध्येय म्हणत असेल तर म्हणो बापडे.

आपल्याकडे १९८४ च्या सुमारास सरकारने शाळांमध्ये संगणक शिक्षणाची क्लास योजना आणली तेव्हा आले ते हेच बीबीसी मायक्रो. आमच्या शाळेतही आले होते. बूट बाहेर, हात धुवून आत, आणि खोलीची किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात. त्यावर एलिट चालतो हे मला पुढे बऱ्याच वर्षांनी कळलं. मी खेळलो तो पीसीवर, फ्लॉपीवरून, नुसत्या रेघांची यानं.

ताईंच्या आकाशदर्शनाशी माझं भांडण नाही, पण मला त्यात दोन तासांत झोप येते. मला व्यापार आवडतो. शेतीच्या ग्रहावरून धान्य आणि कापड उचलायचं, औद्योगिक ग्रहावर विकायचं, येताना कॉम्प्युटर भरून आणायचे, आणि मध्ये चाचे आडवे आले की पोटात गोळा. नव्या गेममध्ये व्यापार आहे, गोळा नाही. सगळे भाव वेबसाइटवर शोधून निघतात. तुम्ही एक करून बघा: कुठलीही वेबसाइट न उघडता फक्त गेममधल्या नकाशावर विसंबून धंदा करा. भाव चुकतील, फेरी रिकामी येईल. पण मग डबे पोचवण्याची ड्यूटी राहत नाही, स्वतःचा धंदा होतो.

आणि लॅपटॉप धापा टाकत असेल तर ऊलाइट बघा. जुन्या एलिटच्या धर्तीवर हौशी लोकांनी केलेला, फुकट, कुठल्याही जुन्या मशिनवर चालतो, नेट लागत नाही.

बुटीबोरी_बायपास

सगळ्यांचे आभार. एवढं कोणी लिहील वाटलं नव्हतं.

काल रात्री मित्राकडे गेलो. सहावा तारा सापडला. बायकोला उठवणार होतो, पण मग विचार केला, राहू दे. सकाळी फोटो दाखवला. म्हणाली, "यातला आपला कोणता?" दाखवला. थोडा वेळ बघितलं तिने. मग मुलाला डबा द्यायचा होता.

रोहिणीला निघायचंय. पण ताई, भीती अशी की मध्ये कुठे इंधन संपलं तर? माझ्या कोब्राला स्कूप आत्ताच बसवला. कुठल्याही ताऱ्याजवळ गेलं की भरतं का?

गच्चीवरची

कुठल्याही नाही. ओ, बी, ए, एफ, जी, के, एम, हे सात प्रकार चालतात. तपकिरी बटू, श्वेत बटू, न्यूट्रॉन तारा यांच्याकडून इंधन मिळत नाही. गॅलेक्सी मॅपमध्ये ताऱ्यांच्या प्रकाराची चाळणी आहे, तिथे हे सात ठेवा आणि ती चाळणी मार्गालाही लागू करायची खूण करा. ती खूण नसेल तर नकाशा छान रंगीत दिसतो आणि वाट मात्र तपकिरी बटूंमधूनच जाते.

भरताना ताऱ्याच्या कडेकडेने जा, थ्रॉटल कमी, तापमानाचा आकडा सत्तरच्या आत. घाईने आत घुसलात तर यान सुपरक्रूझमधून धाडकन बाहेर पडतं आणि तापायला लागतं. श्वेत बटू आणि न्यूट्रॉन ताऱ्यांच्या दोन्ही बाजूंना झोत असतात, त्यांच्यापासून सध्या लांब राहा. लोक त्यात मुद्दाम शिरून लांब उडी मारतात. न्यूट्रॉनच्या झोताने उडीचं अंतर चौपट होतं. ते नंतर.

आणि तरीही संपलंच तर फ्युएल रॅट्स म्हणून खेळाडूंचाच गट आहे. २०१५ पासून हेच करतात, कुठेही येतात, पैसे घेत नाहीत. फक्त एक लक्षात ठेवा: ऑक्सिजनची उलटी गणती सुरू झालेली दिसली तर आधी मुख्य मेनूवर बाहेर पडा आणि मगच त्यांना हाक मारा. यान जिथे आहे तिथेच थांबतं.

रोहिणीहून परत आलात की पाहिलेल्या ग्रहांची माहिती स्टेशनवरच्या युनिव्हर्सल कार्टोग्राफिक्सला, म्हणजे माहिती विकत घेणाऱ्या कचेरीला, विका. जवळच्या भागात पहिल्या शोधाला तुमचं नाव लागणार नाही, सगळं आधीच पाहून झालंय. नाव हवं असेल तर हजारेक प्रकाशवर्षं जा आणि वहिवाटीचा रस्ता सोडा. आकाशगंगेचा एक टक्काही भाग अजून कोणी पाहिलेला नाही. वाटेत यान फुटलं तर न विकलेली माहिती जाते, तेव्हा उच्च गुरुत्वाच्या ग्रहावर उतरायची हौस परतीच्या वाटेवर नको.

हार्डपॉइंट

भावा, मित्राकडे गेलाच आहेस तर हटन ऑर्बिटल नावाचं स्टेशन आहे तिथे, अल्फा सेंटॉरीच्याच यादीत. तिथे पोचलं की अ‍ॅनाकोंडा, ते मोठं महागडं यान, फुकट देतात. मला मिळालं. जाऊन ये.

जुना_फ्लॉपी

अहो, असं करू नका.

गच्चीवरची

बुटीबोरी, यांचं ऐकू नका. ते स्टेशन मुख्य ताऱ्यापासून ०.२२ प्रकाशवर्षं लांब आहे. उडी मारून जाता येत नाही, सरळ रेषेत चालवत न्यावं लागतं, साध्या ड्राइव्हवर तास-दीड तास. अ‍ॅनाकोंडा वगैरे काही नाही. नव्या माणसाला तिकडे पाठवायची या गेममधली फार जुनी रीत आहे ती.

बुटीबोरी_बायपास

ताई, तुमचा प्रतिसाद आत्ता वाचला. मी जेवायच्या आधीच निघालो होतो. अर्धा रस्ता झालाय, यान चालू ठेवून जेवून आलो. आता परत फिरू की पुढे जाऊ?

हार्डपॉइंट

पुढे जा भावा, अर्ध्यातून कोणी परत येत नसतं. मध्यावर वेग सर्वांत जास्त असतो, आता शेवटी लक्ष ठेव, नाहीतर स्टेशन ओलांडून पुढे जाशील आणि वळायला अजून वेळ. अ‍ॅनाकोंडाचं विसर. तिथे हटन मग मिळतो, कप रे, चहाचा. शिवाय सेंटॉरी मेगा जिन. दोन्ही दुसऱ्या कुठल्या स्टेशनात विकत मिळत नाहीत. डब्बा भरून घे आणि लांब कुठेतरी नेऊन विक, फ्लॉपीकाका म्हणतात तसा धंदा.

जुना_फ्लॉपी

काका कोण? आणि मग घेतला तर भाव लिहा इथे. वेबसाइट न बघता.